दोन त्रिकोणी डोंगर आणि मधला सूर्य

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३४, हिंजवडीत आयटीत नोकरी, शाळेत चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड होती, मध्ये सगळं सुटलं आणि आता परत वॉटरकलर हातात घेतलेत. त्या निमित्ताने लडाख झालं, कोकण झालं, कास झालं, महागाचा कॉटन पेपर घेऊन झाला, पण समोर बसलं की काही सुचत नाही आणि घरी परत आलं की हिंजवडीत रंगवण्यासारखं काही दिसतच नाही. "चित्रकारांना जे सौंदर्य दिसतं ते मला का दिसत नाही? प्रेरणा आणायची कुठून?"

मी एटीडी, म्हणजे आर्ट टीचर डिप्लोमा, केलेला माणूस, २९ वर्षं सातारा जिल्ह्यात शाळेत चित्रकला शिकवली, आता रिटायर आहे आणि बऱ्याच रविवारी सकाळी वाईच्या आसपास कुठेतरी घडीचं स्टूल टाकून लँडस्केप करत बसतो. फार मोठा चित्रकार वगैरे नाही, दोन-चार प्रदर्शनं झाली, काही चित्रं विकली गेली, बरीचशी माळ्यावर आहेत. पण हा तुमचा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय, आणि स्वतःला इतक्या वेळा विचारलाय, की जरा लांबण लावून सांगतो.

तुम्ही इंटरमिजिएट दिलीय म्हणजे स्मरणचित्र काढलेलं असणार. मी वर्गात निसर्गचित्र काढा म्हटलं की पन्नास पोरांचे पन्नास कागद सारखे यायचे. दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये अर्धा सूर्य, त्यातून नागमोडी नदी, एक कौलारू घर, एक नारळ, आणि आकाशात इंग्रजी एम सारखे पक्षी. आता गंमत बघा, आमच्या शाळेच्या खिडकीतून समोर पांडवगड दिसायचा. आपल्या सह्याद्रीतले बहुतेक डोंगर त्रिकोणी नाहीतच, वर सपाट आणि बाजूने पायऱ्या पायऱ्यांचे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला, त्याचा हा दगड, म्हणून तर याला डेक्कन ट्रॅप म्हणतात, आणि ट्रॅप हा शब्दच मुळात स्वीडिश भाषेतल्या पायरीच्या शब्दावरून आलाय. आणि नारळ तर आमच्याकडे एखाद्याच्या परसात असला तर असला. म्हणजे पोरं रोज आठ तास ज्या डोंगरासमोर बसत होती तो कागदावर कुठेच नव्हता.

एकदा सातवीतल्या एका मुलीने वर सपाट डोंगर काढला होता, मी बघत बघत तिच्या बाकाशी येईपर्यंत तिने तो खोडला आणि टोक काढलं. मी म्हटलं का गं खोडलंस, चांगला होता की. तर म्हणाली, "सर, डोंगर असा नसतो ना." मी तिला खिडकीकडे बघ म्हटलं. ती बघत राहिली, मग हळूच म्हणाली, "मग हा चुकलाय का?"

मला हसू आलं होतं तेव्हा, पण घरी गेल्यावर ते डोक्यातून जाईना, कारण मी तरी काय वेगळं करत होतो? मी पण चाळीशीत नदी म्हटलं की निळी, झाड म्हटलं की हिरवं, वाडा म्हटला की बैलगाडी असंच रंगवत होतो, फक्त सफाईने. वस्तूचं नाव डोक्यात आलं की डोळा काम बंद करतो, असं मला वाटतं. तुमच्या लडाखचं पण तेच झालं असणार. तुम्ही पँगाँगला जायच्या आधी त्याचे दोनशे फोटो बघितलेले, तिथे बसून तुम्ही तळं बघत नव्हता, फोटोशी जुळतंय का ते बघत होता, आणि जुळलं तर त्यात रंगवायला उरलं काय.

आता माझी स्वतःची एक फजिती सांगतो. साठीच्या आसपास तीन-चार वर्षं माझी चित्रं लोकांना फार आवडत होती, "सर काय वॉर्म टोन आहेत तुमचे, जुन्या काळातलं वाटतं" वगैरे, आणि मी पण मनात फुशारत होतो की शेवटी आपली शैली सापडली बुवा. मग मोतीबिंदूचं निघालं, उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि घरी येऊन बघतो तर दोरीवर वाळणारा माझा पांढरा सदरा निळसर दिसतोय! आधी वाटलं मुलीने नीळ जास्त घातली. मग एक डोळा झाकून दुसऱ्याने बघितलं, डाव्या डोळ्याला तोच सदरा चहा सांडून धुतल्यासारखा, उजव्याला लख्ख. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग हळूहळू पिवळं-तपकिरी होत जातं, निळा आत पोचतच नाही नीट, आणि हे इतकं सावकाश होतं की आपल्याला पत्ता लागत नाही. आतल्या खोलीत जाऊन चित्रं काढून लावली ओळीने, तर सगळा यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना, म्हणजे मातकट पिवळा आणि तांबूस तपकिरी, आकाशसुद्धा मळकं. ती माझी शैली नव्हती, मोतीबिंदू होता. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचंही १९२३ मध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि त्याच्या आधीची त्याची काही चित्रं अशीच तांबूस-तपकिरी आहेत, हे मला नंतर कळलं तेव्हा जरा बरं वाटलं, निदान संगत तरी मोठी होती.

हे सांगायचं कारण असं की ऑपरेशननंतरचे पहिले आठ-दहा दिवस मी जे बघितलं तसं आयुष्यात बघितलं नव्हतं, आणि मी कुठेही गेलो नव्हतो, डॉक्टरांनी बाहेर जायला, धूळ लागायला मनाई केली होती. स्वयंपाकघरातल्या मांडणीवर स्टीलचे डबे असतात ना, सकाळी आठला खिडकीतून ऊन येतं तेव्हा त्या डब्यांवर खिडकीची एक एक उभी लांबट पट्टी पडते, प्रत्येक डब्यावर थोडी वेगळी वाकलेली. डब्याचा अर्धा भाग समोरच्या भिंतीचा पोपटी रंग घेतो, खालच्या कडेला कडाप्प्याचा काळा, आणि शेजारच्या हळदीच्या बरणीमुळे एका डब्याच्या कुशीत पिवळ्याची एक रेघ. स्टीलला स्वतःचा रंग म्हणून नाहीच, सगळा उसनवारीचा. चाळीस वर्षं त्याच मांडणीतून चहाची साखर काढून घेत होतो मी. त्या आठवड्यात त्या डब्यांची अकरा चित्रं झाली पोस्टकार्ड साइजची, आणि त्यातली दोन अजून माझ्या भिंतीवर आहेत.

तुम्हाला डोळ्याचं ऑपरेशन करून घ्या असं अर्थातच म्हणत नाही 😄 पण त्याच्या जवळपास नेणाऱ्या एक-दोन युक्त्या आहेत, जुन्याच आहेत, आम्हाला पण मास्तरांनी सांगितलेल्या.

पहिली म्हणजे डोळे किलकिले करून बघणं. पापण्या अर्ध्या मिटल्या की बारीकसारीक तपशील जातो, रंग पण जरा मरतो, आणि उरतात फक्त गडद-मध्यम-फिकट असे ठिपके. आम्ही याला टोन बघणं म्हणतो. टोन दिसायला लागले की झाडाचं झाडपण जातं आणि एक गडद आकार उरतो, त्याच्या मागे फिकट आकार, त्याला चिकटून मधला. चित्र त्या आकारांच्या एकमेकांशी असलेल्या नात्यात असतं. बाभळीचं झाड आहे की वडाचं ते नंतर, आणि खरं सांगू का, बघणाऱ्याला त्याने फारसा फरक पडत नाही. दुसरी युक्ती, घरात एखादी जाड लग्नपत्रिका असेलच, तिच्यात सहा बाय चार सेंटीमीटरची खिडकी कापा, झाला व्ह्यूफाइंडर. एक डोळा मिटून त्यातून बघत हळूहळू हात फिरवा. समोर काहीच नाही वाटत होतं तिथे त्या चौकटीत आल्यावर अचानक काहीतरी घट्ट बसतं, एखादी कड, एखादी सावली. मोबाइलच्या कॅमेऱ्याने पण होतं हे, पण मोबाइल हातात घेतला की माणूस क्लिक करतो आणि बघणं तिथेच संपतं, म्हणून पत्रिकाच बरी.

आणि त्यात जे दिसेल त्याचं रंगीत चित्र लगेच करायला जाऊ नका. चार-बी पेन्सिल, साधी वही, काडेपेटीएवढा चौकोन, तीनच टोन, दहा मिनिटं. कागदाचा पांढरा हा एक टोन, पेन्सिलने आडवा फिकट हात मारला तो दुसरा, दाबून मारला तो तिसरा. इतकंच. याला थंबनेल म्हणतात हे तुम्हाला माहीत असेल, पण "माहीत आहे" आणि "वीस केली आहेत" यात फरक आहे.

उजेडाबद्दल थोडं. वाईजवळच्या मेणवलीचा घाट बघितला नसेल तर बघा, नाना फडणविसांचा वाडा आहे, कृष्णेवर दगडी पायऱ्या आहेत, आणि देवळाशी एक भली मोठी पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे, १७३९ च्या वसईच्या लढाईनंतर इकडे आलेली, तिच्यावर १७०७ हा आकडा आणि मेरी मातेचं चित्र आहे, शंकराच्या देवळाशेजारी मेरी, कुणाला त्यात काही खटकत नाही हे मला फार आवडतं. तर मी पहिल्यांदा तिथे बसलो तेव्हा पंचविशीत होतो, सकाळी साडेसातला मस्त लांब सावल्या पायऱ्यांवर, मी आधी दोन तास ड्रॉइंग करत बसलो, एक एक दगड, एक एक सांधा. मग रंग घेतले तर सावल्या कुठे? सूर्य डोक्यावर येत चाललेला. मी जशी सावली सरकेल तसा तिच्यामागे ब्रश घेऊन पळत होतो, शेवटी चित्रात सकाळचे आठ, साडेनऊ आणि अकरा असे तिन्ही एकदमच वाजलेले. एक म्हातारी कपडे धूत होती, ती पिळे खांद्यावर टाकून वर आली, बघितलं आणि म्हणाली, "आभाळ आलं होतं व्हय मधी?" इतकी अचूक टीका मला नंतर कोणी केलेली नाही. तेव्हापासून सावली आधी पकडायची, पेन्सिलने तिची कड ठरवायची आणि मग सूर्य कुठे का जाईना. साधारण अर्धा-पाऊण तासात उजेड बदलतो, एकदा ठरवलं ते ठरवलं.

आणि सावली काळी नसते हो. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवरची सावली नीट बघा, वरच्या बाजूला निळसर असते कारण तिथे ऊन नसलं तरी आकाशाचा उजेड पडतोच, आणि खाली जमिनीजवळ तीच सावली तांबूस होते कारण अंगणातली उन्हात तापलेली माती तिच्यावर उजेड फेकते. एकाच सावलीत वरून खाली येताना थंडचं गरम होतं. अल्ट्रामरीन हा गडद निळा आणि बर्न्ट सिएना दोनच रंग घ्या, ओल्यातच एकमेकांत सोडा, अख्खी सावली होते त्यात. जुलैतलं आकाशही त्याच दोघांत होतं. काळी ट्यूब कुणाला तरी देऊन टाका.

हिरव्याबद्दल पण एक सांगतोच, कारण तुम्ही कासचं लिहिलंय. सप्टेंबरमध्ये कासला जाऊन तेरडा-सोनकी रंगवणं हे मला विचाराल तर शिकाऊ माणसासाठी सगळ्यात वाईट काम आहे. समोर नुसता गालिचा, टोन जवळजवळ एकच, नजर थांबायला जागा नाही, आणि हिरवा हा सगळ्यात फसवा रंग, ट्यूबमधला सॅप ग्रीन तसाच लावला तर प्लास्टिकचं गवत होतं. त्यापेक्षा एप्रिल-मे मधला डोंगर बघा, ज्याला सगळे "काय ते उघडं बोडकं" म्हणतात. गवत वाळून सोनेरी-करडं, वणव्याचे काळे पट्टे, दुपारनंतर लांबचा डोंगर जांभळट, दगडाचे थर स्पष्ट, हाडं दिसतात डोंगराची. माझी बरी चित्रं सगळी उन्हाळ्यातली आहेत.

आता हिंजवडी. माझी मुलगी वाकडला राहते, चौदाव्या मजल्यावर, वर्षातून दोनदा पंधरा-पंधरा दिवस तिथे असतो. पहिल्या वेळी मला पण तुमच्यासारखंच वाटलं की इथे काय, काच आणि काँक्रीट. समोर एका टॉवरचं काम चालू होतं, पूर्ण बिल्डिंगला ती हिरवी जाळी लावलेली. चौथ्या दिवशी सकाळी कंटाळून बाल्कनीत बसलो होतो तर सूर्य बरोबर त्या बिल्डिंगच्या मागून आला आणि जाळी आतून पेटली, म्हणजे कळतंय ना, मागून उजेड आला की कपडा जसा जिवंत होतो तसा, आणि तिच्यामागे बांबूच्या परांचीची उभी-आडवी जाळी गडद, त्यावरून एक माणूस घमेलं घेऊन चालत गेला, जाळीमागे फक्त त्याची सावली. आठ-दहा मिनिटंच होतं ते सगळं, मग सूर्य वर आला आणि परत ती नुसती हिरवी जाळी. मी पुढचे नऊ दिवस सकाळी त्याच खुर्चीत होतो. जावई म्हणाले, बाबा, तुम्हाला लोणावळ्याला नेऊन आणू का. म्हटलं नको, इथे जरा काम आहे.

तुमच्याकडे तर काय नाही? पावसात संध्याकाळी सातला ट्रॅफिकमध्ये अडकता तेव्हा ओल्या रस्त्यावर ब्रेकलाइटचे लाल लांबट ओघळ बघा, वॉटरकलरला याहून सोपा आणि सुंदर विषय नाही, कागद ओला करायचा आणि रंग सोडायचा. टपरीवरची ताडपत्री, तिच्याखाली बसलेल्या माणसाचं तोंड निळं दिसतं, कधी बघितलंय? निळी ताडपत्री, पाण्याच्या काळ्या टाक्या, लोंबत्या केबल, हे सगळं आजचं महाराष्ट्राचं लँडस्केप आहे आणि आपण चित्र काढताना तेवढंच नेमकं गाळतो आणि जी बैलगाडी तिथे नव्हतीच ती आणून उभी करतो. मला याचा राग येतो, पण जाऊ दे, तो वेगळा विषय.

मोठ्या चित्रकारांचं म्हणाल तर मोनेने १८९० च्या उन्हाळ्याच्या शेवटी घराजवळच्या शेतातल्या गव्हाच्या गंजी रंगवायला घेतल्या, त्याच त्या गंजी, सकाळ-संध्याकाळ, धुकं, बर्फ, अशी पंचवीसेक चित्रं. आपल्याकडे कडब्याच्या गंजी रस्त्याकडेला कमी आहेत का. आणि आपले आबालाल रहिमान, जे. जे. स्कूलला शिकलेले, मुंबईत नाव आणि पैसा दोन्ही मिळालं असतं, पण कोल्हापूरला परत आले आणि कोटितीर्थ तळ्याच्या काठाला राहून आसपासचंच पाणी, झाडं, संध्याकाळ रंगवत राहिले, १९३१ ला गेले तोपर्यंत. सावंतवाडीच्या हळदणकरांचं दिवा घेतलेल्या बाईचं चित्र तुम्ही कॅलेंडरवर नक्की बघितलं असेल, बरेच लोक रविवर्म्याचं समजतात, मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. ते तैलरंग नाही, वॉटरकलर आहे, आणि समोर उभी होती ती त्यांची स्वतःची मुलगी. एक दिवा, एक हाताचा आडोसा, घरातलं माणूस. तो उजेड उजेड का वाटतो तर आजूबाजूचं सगळं त्यांनी धीराने गडद करत नेलंय, दिव्याला वेगळा काही चमकता रंग लावलेला नाही.

चित्रं बघायचीच असतील तर एखाद्या शनिवारी औंधला जा, पुण्यातलं नव्हे, साताऱ्याचं औंध. तिथले राजे पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये उभारलेलं म्युझियम आहे यमाईच्या डोंगरावर, ते स्वतः चित्रकार होते, त्यामुळे जमवलंय ते चित्रकाराच्या नजरेने. रविवर्म्याची चित्रं आहेत, धुरंधरांची आहेत, आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं एक शिल्प चक्क. पण सगळं बघू नका. एकच चित्र निवडा, त्याच्यासमोर वीस मिनिटं उभे राहा, त्याचं काडेपेटीएवढं तीन टोनचं थंबनेल करा वहीत. पहिली पाच मिनिटं पाय दुखतात आणि मोबाइल आठवतो. नंतर चित्रकाराने कुठे मुद्दाम अंधार केलाय आणि कुठे सोडून दिलंय ते दिसायला लागतं.

प्रेरणेचं राहिलं. त्यावर माझ्याकडे सांगण्यासारखं थोडंच आहे. मी रविवारी बाहेर पडतो तेव्हा दहातल्या सात वेळा काहीही आलेलं नसतं, नुसता उठलेलो असतो. स्टूल मांडलं, पाणी भरलं, चार रेघा मारल्या की कधी कधी येते, नाही आली तर घाटावरच्या टपरीत मिसळ खाऊन घरी येतो, चित्र उलटं करून मागच्या बाजूला पुढच्या वेळी काम करतो. तुम्ही बघायची जागा मात्र एकच धरा, महिनाभर, बदलू नका. ऑफिसच्या कँटीनची खिडकी चालेल, घरची बाल्कनी चालेल, रोज त्याच वेळी दहा मिनिटं, एक थंबनेल. पहिले आठ-दहा दिवस तेच तेच वाटेल आणि वैताग येईल, ते धरूनच चाला. साधारण पंधराव्या-सोळाव्या दिवशी तुम्हाला असं काहीतरी दिसेल जे पहिल्या दिवशी पण तिथे होतं आणि तुम्ही जाम चिडाल स्वतःवर.

महिन्यानंतर त्यातली सगळ्यात वाईट वाटणारी पाच मला दाखवा. चांगली नकोत, चांगल्यातून काही कळत नाही. आणि कॉटन पेपर तोवर कपाटात ठेवा, पावसाळ्यात बुरशी धरतो, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा.